लेकराचं मन कुठे अडतं आणि ते कसं लागतं

'हुशार आहे हो, पण करतच नाही.' भोकरमधल्या कुठल्याही शिकवणीच्या दारात दोन-तीन पालक उभे असले की हे वाक्य ऐकू येतंच. पाठोपाठ दुसरं येतं: 'सर, तुम्हीच जरा सांगा त्याला, आमचं काही ऐकत नाही.' म्हणजे रोगही ठरलेला आणि औषधही ठरलेलं. रोग आळसाचा, औषध उपदेशाचं. पण उपदेश कमी पडला म्हणून पोरगं अभ्यास करत नाही, असं घर मला तरी अजून दिसलेलं नाही. उपदेश सगळ्यांकडे मुबलक असतो.

तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींमध्ये कामाची ओढ कशी तयार होते, कुठे अडते आणि आई-वडिलांनी कोणत्या क्रमाने काय करून पाहावं, एवढंच आपण इथे बघू. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक घरांत सुरुवात बक्षिसापासून किंवा धाकापासून होते, आणि या दोन्ही गोष्टी खरं तर फार पुढच्या आहेत.

आधी प्रेरणा म्हणजे काय ते साध्या शब्दांत पाहू. कुणी मागे न लागता काम हाती घ्यावंसं वाटणं आणि अवघड झालं तरी ते सोडू नयेसं वाटणं, म्हणजे प्रेरणा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या मांडणीनुसार माणसाच्या तीन गरजा भागल्या की ही ओढ आतून येते. एक, स्वायत्तता, म्हणजे 'यातलं काहीतरी मी ठरवलंय' असं वाटणं. दुसरी, सक्षमता, म्हणजे 'हे मला जमतं' असं वाटणं. तिसरी, आपलेपणा, म्हणजे 'मार्क कमी पडले तरी घर माझंच आहे' याची खात्री.

आता आपल्या घरात मागच्या आठवड्यात अभ्यासावरून जी बोलाचाली झाली, ती आठवून पाहा. तिच्यातून या तिन्हींपैकी काय वाढलं?

आधी तपासणी

शेतातली मोटार चालू झाली नाही तर आपण मोटारीवर ओरडत नाही. डीपीवर लाइट आहे का, फ्यूज गेला का, बोअरला पाणी आहे का, हे ओळीने बघतो. लेकराच्या बाबतीतही हेच करायचं. 'मन लागत नाही' या तीन शब्दांमागे निदान पाच वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिली तपासणी झोपेची. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक, म्हणजे शरीरानेच तयार केलेलं रसायन, या वयात रात्री उशिरा वाढायला लागतं. त्यामुळे लहानपणी नऊला झोपणारं पोरगं आता अकरापर्यंत टक्क जागं असतं. त्यात नाटक नसतं. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात.

आपल्याकडे नेमकी इथेच चूक होते. पहाटे चारला उठून केलेला अभ्यास पक्का लक्षात राहतो, ही समजूत घरोघरी आहे. रात्री साडेअकराला झोपलेल्या मुलाला चारला उठवलं तर त्याला साडेचार तास झोप मिळते. ते पुस्तक उघडून बसतं, पण वाचत नाही. त्यात खेड्यावर शेतीपंपाची लाइट रात्रीच्या पाळीला असली की मोटार चालू करायला बऱ्याचदा पोरगंच जातं. आठवडाभर आपण फक्त त्याची झोप मोजावी. सहा तासांच्या आत असेल तर बाकी उपाय नंतर, आधी झोप.

दुसरी तपासणी रक्ताची, मुलींसाठी तर नक्कीच. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. रक्तक्षय म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं. अशा मुलीला लवकर थकवा येतो, डोकं दुखतं, धड्यावर लक्ष टिकत नाही, आणि घरचे म्हणतात, 'हिला सदा झोपच येते.' सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, पण अनेक मुली ती घेत नाहीत, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घेतली की त्रास बराच कमी होतो.

डोळेही एकदा तपासून घ्या. फळ्यावरचं नीट दिसत नाही हे मुलं सांगत नाहीत. चष्म्याला नावं ठेवली जातील अशी भीती असते.

तिसरी तपासणी घरकामाची. सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी, आणि ज्यांच्याकडे हळद आहे त्यांची काढणी-शिजवणी तर परीक्षेच्या अगदी तोंडावर. शेतकऱ्याच्या घरात लेकरांनी हातभार लावू नये असं कुणी म्हणणार नाही. पण कामाचे दिवस आधीच ठरवून सांगितले तर मुलगा अभ्यास त्याप्रमाणे मागेपुढे करू शकतो. रोज सकाळी 'आज शाळा राहू दे' असं झालं की वेळापत्रक करणंच त्याला निरर्थक वाटतं. मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी वाकडा असतो. भाऊ पुस्तक घेऊन बसला की त्याला चहा नेऊन द्यायला बहीण उठते, आणि मार्क मात्र दोघांचे एकाच मापाने मोजतात.

याच ठिकाणी एक कडू गोष्ट सांगायला हवी. दहावीतल्या मुलीच्या कानावर घरात स्थळांची कुजबूज पडत असेल, तर तिने अकरावीसाठी जीव तोडून का अभ्यास करावा? अठराच्या आत लग्न बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण 'नुसतं बघायला काय हरकत' म्हणत आलेले पाहुणेही तिचं पुस्तक मिटवून जातात. अशा घरात अभ्यास वाढवण्याचा उपाय एकच: तो विषय बंद करायचा, आणि बंद केला आहे हे तिला स्पष्ट सांगायचं.

मागे राहिलेलं गणित

चौथी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी केली जाणारी. मागच्या इयत्तांचं काय राहून गेलं आहे?

'प्रथम' संस्थेने २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची 'असर' पाहणी केली. त्यासाठी महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा आपला नांदेडच होता. देशभरच्या आकड्यांत दिसलं ते असं: तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं गणित जेमतेम ४३ टक्के मुलांना बरोबर सोडवता आलं. जवळपास चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नव्हता. ही मुलं शाळा-कॉलेजच्या वयाची आहेत, आणि बहुतेकांचं नाव कुठल्या ना कुठल्या वर्गात आहे.

आता अशा मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. भागाकार कच्चा, अपूर्णांक कधी समजलेच नाहीत, आणि समोर दहावीचं वर्गसमीकरण. रोज सहा तास न कळणाऱ्या गोष्टीसमोर बसायचं. असं मूल पहिल्यांदा चुळबुळतं, मग विनोद करायला लागतं, मग 'मला इंटरेस्टच नाही' म्हणतं. 'जमत नाही' म्हणण्यापेक्षा 'आवडत नाही' म्हणणं सोपं असतं, त्यात अब्रू राहते. आपण आळस म्हणतो तो बऱ्याचदा हाच लपवलेला संकोच असतो.

राहिलेलं शोधायचं कसं? पाचवीपासूनची गणिताची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलाला म्हणावं, 'पाचवीपासून प्रत्येक इयत्तेची चार-चार गणितं सोडव. जिथे अडकशील तिथे खूण कर. मला दाखवायची गरज नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका. दाखवायचं म्हटलं की तपासणी ही परीक्षा होते आणि मूल पुन्हा लपवायला लागतं. खूण सातवीला पडली तर सुरुवात सातवीपासून. दहावीत सातवीचं पुस्तक घेऊन बसायला लाज वाटते, म्हणून पुस्तकाला कव्हर घालून द्या. उपाय क्षुल्लक वाटेल, पण उपयोगी पडतो.

इथे पालक सहसा घाई करतात. राहिलेलं भरून काढायला दोन-तीन महिने लागतात, आणि त्या काळात चालू चाचण्यांचे मार्क वाढत नाहीत. पहिल्या महिन्यातच 'काही फरक नाही' म्हणून नवी, महागडी शिकवणी लावली जाते, आणि तिथे पुन्हा वर्गसमीकरणापासून सुरुवात होते.

पाचवं कारण मनाचं. ते शेवटी बघू.

काय थांबवायचं

दुसरी पायरी काही करण्याची नाही, बंद करण्याची आहे. आधी तुलना. 'तुझ्या आत्याचा पोरगा बघ' या वाक्याने आजवर कुणाचे मार्क वाढले असतील तर ते आत्याच्या पोराचे.

मग चारचौघांतला अपमान. या वयात दोस्तांची नजर फार तीव्रतेने जाणवते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता, काहींना एकट्याने आणि काहींना मित्र बघत असताना. मोठ्या माणसांच्या खेळात मित्र असण्याने फारसा फरक पडला नाही. किशोरवयीन मुलांनी मात्र मित्रांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करला. ज्या वयात दोस्तांची नजर गाडीचा वेग वाढवते, त्या वयात दोस्तांसमोर वडिलांनी काढलेली अक्कल किती खोल जात असेल? मुलगा दोस्तांसोबत चौकात उभा असेल तर आपण हाक मारून घरी न्यावं. अभ्यासाचा विषय तिथे काढू नये.

बोलायचं कधी आणि कसं

तिसरी पायरी बोलण्याची. शाळेतून किंवा क्लासमधून आल्याबरोबरची वेळ वाईट. जेवणाची त्याहून वाईट, कारण मग मूल जेवण उरकून उठायला शिकतं. समोरासमोर बसवून 'ये, बस, बोलायचंय' म्हटलं की त्याला आधीच पोलीस ठाण्यात आल्यासारखं वाटतं. मोटारसायकलवरून शेताकडे जाताना, बाजाराच्या पिशव्या उचलताना किंवा नांदेडच्या गाडीत शेजारी बसल्यावर बोलणं सोपं जातं. डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत आणि मध्ये गप्प बसलं तरी चालतं.

काय बोलायचं? इथे एक पद्धत उसनी घेता येते. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी दारू सोडू पाहणाऱ्यांशी बोलण्यासाठी ती विकसित केली. समोरच्याला कारणं सांगायची नाहीत, त्याच्याच तोंडून ती येऊ द्यायची, हा तिचा गाभा. माणूस दुसऱ्याने दिलेली कारणं खोडून काढतो, स्वतः बोललेली कारणं जपतो.

प्रश्न असा: 'दहावी चांगली व्हावी असं तुला मनापासून किती वाटतं? शून्य ते दहा.' समजा मुलगी म्हणाली, 'चार.' आता खरी कसोटी आपली आहे. तोंडावर आलेला प्रश्न असतो, 'फक्त चार? दहा कामून नाही?' हा प्रश्न गिळायचा. त्याऐवजी विचारायचं, 'चार का? शून्य का नाही म्हणालीस?' मग तिला चारच्या बाजूने बोलावं लागतं: 'तसं नाही पप्पा, मला नर्सिंगला जायचंय, पण सायन्स डोक्यावरून जातं.' म्हणजे एका वाक्यात इच्छाही कळली आणि अडचणही. यावर लगेच उपाय सुचवू नका. 'बरं, सायन्समधलं काय जातं डोक्यावरून?' एवढंच विचारा आणि गाडी चालवत राहा.

उत्तर 'शून्य' आलं तर? बहुधा ते रागाचं शून्य असतं. 'ठीक आहे, परत कधी तरी विचारीन' म्हणून विषय सोडावा, आणि आठ-दहा दिवसांनी खरोखर परत विचारावं.

एक निर्णय त्याच्या हाती

चौथी पायरी स्वायत्ततेची. आई-वडिलांना यात सगळं सोडून देण्याची भीती वाटते. तसं करायचं नाही. शाळेत जायचं, परीक्षेला बसायचं, रात्री किती वाजता घरी यायचं, हे घराचे नियम आणि ते राहतात. पण कोणता विषय आधी, सकाळी की रात्री, घरी की अभ्यासिकेत, कोणती शिकवणी ठेवायची आणि कोणती सोडायची, हे त्याला ठरवू द्या. सुरुवातीला यातला एकच निर्णय द्यावा आणि महिनाभर त्यात बोट घालू नये.

निर्णय चुकला तर? चुकू द्यावा. रात्री अभ्यास करीन म्हणणारा मुलगा पंधरा दिवसांत स्वतःच वेळ बदलतो, फक्त आपण 'मी म्हटलं नव्हतं?' हे तीन शब्द उच्चारले नाहीत तर. आणि खोटा पर्याय देऊ नका. 'सायन्स घे नाहीतर तुला काय करायचं ते कर' हा पर्याय नव्हे, हे पोरांना आपल्याआधी कळतं.

पहिला छोटा विजय

आता सक्षमता. 'आजपासून रोज चार तास' हा संकल्प चौथ्या दिवशी मोडतो आणि मोडताना 'मला जमतच नाही' असा आणखी एक पुरावा ठेवून जातो. सुरुवात वीस मिनिटांची ठेवा आणि ती रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधून टाका. 'संध्याकाळचा चहा झाला की कप ठेवून लगेच पाच गणितं.' पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा 'हे झालं की ते' बेतांचा अभ्यास केला आहे. नुसत्या 'जास्त अभ्यास करीन' या निश्चयापेक्षा वेळ आणि जागा आधी ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते.

त्या वीस मिनिटांत काय करायचं, यावर जरा थांबू. आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचणं. मोठ्याने वाचण्याचा आवाज ओसरीपर्यंत आला की आई-वडिलांना समाधान. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांचे दोन गट करून पाहिले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते.

लातूर पॅटर्नचं गावोगावी एवढं नाव झालं, त्याचा बराचसा भाग हाच आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या लातूरच्या कॉलेजांनी सराव चाचण्यांवर भर दिला. चाचणी घ्यायची, पेपर तपासून लवकर परत द्यायचा, चुकलेलं पुन्हा करून घ्यायचं. लोकांनी त्यातलं शिस्त आणि तासांची संख्या एवढंच उचललं. खरी ताकद 'माझी चूक मला लगेच दिसली आणि मी ती दुरुस्त केली' या अनुभवात आहे. त्यासाठी भोकर सोडावं लागत नाही. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं, कोऱ्या पानावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. आठवड्याने तेच पुन्हा करायचं. लाल शाई कमी झालेली मूल स्वतः बघतं, आणि 'मला जमतं' हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

बक्षीस आणि शाबासकी

नव्वद टक्के पाडले तर गाडी, पंच्याऐंशीला मोबाइल. हा सौदा बहुतेक घरांत होतो, म्हणून तो कसा चालतो ते बघू.

डेसींनी १९७१ साली विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या टप्प्यात प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले आणि नंतर बंद केले. पैसे बंद झाल्यावर त्या विद्यार्थ्यांनी मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं कमी केलं. आधी ते मजेखातर सोडवत होते. पैशाने मजेची मजुरी झाली, आणि मजुरी थांबली तसं कामही थांबलं.

म्हणून जे मूल आपणहून करतं, चित्र काढतं, कबड्डी खेळतं, एखादा विषय आवडीने वाचतं, त्यावर बक्षीस लावू नका. ज्या कामात मुळीच गोडी नाही ते सुरू करून द्यायला छोटं बक्षीस चालतं, पण ते निकालावर न ठेवता केलेल्या कामावर ठेवा. निकाल मुलाच्या हातात पूर्ण नसतो. महिनाभर रोजची गणितं सोडवणं मात्र असतं. आणि अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला गिअरची गाडी देणं कायद्याने गुन्हा आहे, तो भाग वेगळाच.

शाबासकीतही एक खड्डा आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगात पाचवीच्या काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं आणि काहींना 'तू मेहनत घेतलीस' म्हटलं. हुशार म्हटलेली मुलं पुढे सोपी कामं निवडायला लागली आणि अवघड प्रश्नांवर अपयश आल्यावर लवकर खचली. हुशारीचा शिक्का मिळाला की तो पुसला जाण्याची भीती बसते. 'हुशार आहे पण करत नाही' हे आपलं लाडकं वाक्य इथे उलटतं. केलं आणि तरी नाही जमलं तर हुशारी जाईल, त्यापेक्षा न केलेलं बरं, असा हिशेब मूल मनात मांडतं. त्याने काय केलं ते नेमकं सांगावं: 'कालचं गणित तीन रीतींनी करून बघितलंस, ते आवडलं मला.' एवढं पुरे. अशा शाबासकीने चमत्कार होतात असं काही लोक सांगतात. तसं नाही, परिणाम लहान असतो. पण फुकटचा आहे.

मोबाइल

यावर फार लिहीत नाही. शाळेचा गृहपाठही व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तेव्हा पूर्ण बंदी टिकत नाही. टिकतात ते दोन नियम: अभ्यासाच्या त्या ठरलेल्या वेळेत मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि रात्री सगळ्यांचे मोबाइल एकाच ठिकाणी चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे वडिलांचाही. जिथे वडील अंथरुणात रील बघतात तिथे हा नियम दोन दिवस चालतो.

नांदेडला किंवा लातूरला पाठवताना

दहावीनंतर भोकरची कितीतरी मुलं नांदेडला खोली घेऊन राहतात, काही लातूर गाठतात. नीटची तयारी, मेसचा डबा, दिवसभर क्लास. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो, दहापर्यंत नावं देता येतात. हा क्रम नेट कॅफेत बसून वडील आणि मामा भरतात की मूल भरतं, यावर पुढची दोन वर्षं बरीच अवलंबून असतात.

अर्ज भरण्याआधी एक काम करा. मुलाला जे व्हायचं आहे किंवा आपल्याला जे त्याला करायचं आहे, ते काम करणाऱ्या माणसासोबत त्याला एक दिवस राहू द्या. औषधाचं दुकान, दवाखान्यातली लॅब, आयटीआयची वर्कशॉप, तहसील कार्यालय, ओळखीच्या कुणाचंही चालेल. 'डॉक्टर' हा नुसता शब्द असतो तोवर त्याच्यासाठी कुणी रात्र जागत नाही.

बाहेर ठेवलेल्या मुलाला रोज फोन होतो, आणि पहिला प्रश्न असतो, 'टेस्टला किती पडले?' मग मूल फोन उचलताना दचकायला लागतं, आणि हळूहळू मार्कही वाढवून सांगायला लागतं. पहिला प्रश्न जेवणाचा ठेवा, दुसरा खोलीतल्या सोबत्याचा. मार्कांचं बोलणं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. आणि परत यायचं असेल तर येता येतं, हे जाण्याआधीच सांगून ठेवा. भरलेली फी मोठी असते, मान्य आहे. पण 'एवढे पैसे भरलेत' हे ऐकवल्याने पैसे वसूल होत नाहीत, फक्त अडचण सांगायचं धैर्य जातं.

नापास झाल्यावर

निकाल वाईट लागला तर पहिले दोन-तीन दिवस कारणमीमांसा नको. जेवण, झोप, नेहमीची कामं. मग कागदावर वाटा मांडा. दहावीची पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच होते. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय पुढे सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. वर्ष वाया गेलं, हे घाईघाईने ठरवू नका.

नांदेडकरांना नरहर कुरुंदकरांची आठवण करून द्यायला हवी असं नाही, पण या जागी द्यावीशी वाटते. अफाट वाचन असलेला हा माणूस इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा नापास झाला. शिकायला ते हैदराबादला मामांकडे, डॉ. नारायणराव नांदापूरकरांकडे होते. पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत त्यांनी शिकवलं, पदव्या मागाहून घेतल्या आणि पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. प्रत्येक नापास मूल कुरुंदकर होतं असं नाही, आणि ही गोष्ट परीक्षा टाळायला सबब म्हणूनही वापरू नये. तिच्यातून एवढंच घ्यायचं की गुणपत्रिका त्या परीक्षेची तयारी मोजते, मुलाचं पुस्तकाशी असलेलं नातं नाही. ते नातं टिकलं तर परीक्षा उशिरा का होईना, देता येतात.

आता ते पाचवं कारण. काही वेळा प्रेरणा कमी पडलेली नसते, मूल आजारी असतं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ ते उदास किंवा सतत चिडलेलं असेल, आवडत्या खेळातूनही मन उडालं असेल, जेवण-झोप बिघडली असेल, दोस्त तोडले असतील, तर वर सांगितलेल्या पायऱ्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. जगण्यात अर्थ नाही, मी नसतो तर बरं, असं काही बोललं तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा की मरण्याचे विचार येतात का. असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीची औषधं घरातून किंवा आखाड्यावरून काढून कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे.

टेलिमानस ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. ती दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. पालकही फोन करून 'माझ्या मुलाशी कसं बोलू' असं विचारू शकतात. क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्येही साठवून द्या, म्हणजे आपल्याला सांगायचं नसेल तेव्हा तो स्वतः लावू शकेल.